डॉर्कसचा तिसरा खंड

मी जे सांगणार आहे त्यावर तुमच्यापैकी एकीचाही विश्वास बसायचा नाही, आणि बसलाच तर मला जरा अपमानच वाटेल. कारण चटकन पटणाऱ्या गोष्टीसाठी मी गरम मफिन कधी बशीत गार होऊ देत नाही. तर ऐका. याच लंडन शहरात, भर दुपारी, पूर्ण शुद्धीवर असलेल्या एका पुरुषाने मला लग्नाची मागणी घातली, ती माझ्याच कादंबरीच्या विसाव्या प्रकरणावर गुडघा टेकून.

हॉबडेबाईंनी चहाची किटली हवेतच धरली. हॉबडेबाई म्हणजे आमच्या या बोर्डिंग हाउसच्या मालकीणबाई. विधवा, मायाळू, आणि जादा साखर मागितली नाही तर कशावरही विश्वास ठेवायला तयार. "अगंबाई! प्रकरणावर म्हणजे?" त्यांनी विचारलं. "प्रकरणावर म्हणजे गुडघ्याखाली," मी म्हटलं. समोर ग्राइसबाई विणत बसल्या होत्या. त्यांनी जन्मभर मुलींच्या शाळेत गणित शिकवलं, आणि निवृत्त झाल्यावरही डोळ्यांतली लाल शाई काही वाळलेली नाही. समोरचा माणूस बोलतो तेव्हा त्याच्या वाक्याच्या समासात त्या फुल्या मारत असतात. "कुठली कादंबरी?" त्यांनी मान वर न करता विचारलं. "'डॉर्कसची गिरणी'. तीन खंड. तुमच्या तरुणपणी फार गाजली होती. वाचली असेलच." "पहिला खंड मी वाचलेला नाही," ग्राइसबाई म्हणाल्या आणि टाके मोजू लागल्या. माझा जीव भांड्यात पडला. जिने पहिला खंडसुद्धा वाचलेला नाही तिच्यासमोर पुढच्या दोन खंडांबद्दल माणूस मोकळ्या मनाने बोलू शकतो.

क्रॅडॉकसाहेब माझे प्रकाशक. स्ट्रँड नावाच्या मोठ्या रस्त्याच्या मागच्या गल्लीत दुसऱ्या मजल्यावर त्यांची खोली होती. तिथे डिंकाचा, ओल्या कागदाचा आणि कालच्या मटणाचा वास एकमेकांत इतका मुरलेला असे, की कविता छापून घेणारी माणसंदेखील तिथून भूक लागून बाहेर पडत. मी त्या दिवशी तिसऱ्या खंडाचं बोलायला गेले होते. पहिले दोन छापखान्यात खिळ्यांनी जुळवून झाले होते, तिसरा अजून माझ्या डोक्यात होता. साहेबांनी माझं बोलणं ऐकून घेतलं. मग त्यांनी आमचा करार टेबलाच्या खणात सरकवला, खणाला किल्ली लावली, किल्ली जाकिटाच्या खिशात टाकली, आणि खाली बघितलं. गालिच्यावर काजळी होती. त्यांची विजार नवी होती, मोतिया रंगाची. त्यांनी प्रुफांच्या गठ्ठ्यावरचा एक ओला ताव उचलला, गालिच्यावर अंथरला, दोन्ही बाजूंनी नीट केला आणि त्यावर गुडघा टेकला. "ड्रुसिला," ते म्हणाले. त्या क्षणापर्यंत मी पेनफोल्डबाई होते. "ड्रुसिला, माझी हो."

त्यांच्या चेहऱ्याकडे बघायला हवं होतं, तशी रीतच आहे. पण मला दिसत होता फक्त तो गुडघा. त्याच्या कडेने एक ओळ बाहेर आली होती: 'मजुरी म्हणजे काही', आणि पुढचं सगळं मोतिया कापडाखाली. माझी नायिका डॉर्कस बोलत होती आणि तिच्या तोंडावर गुडघा ठेवला होता.    तिथून मी तोंड उघडेपर्यंत खालच्या रस्त्याने घोड्यांची एखादी ओम्नीबस गेली असेल. पण तेवढ्या वेळात मी डर्बीला आमच्या घरी जाऊन, जेवून, परत आले.

आमचे वडील डर्बीच्या कामगारांना अर्थशास्त्रावर व्याख्यानं देत. फुकट देत, आणि तीही जरा महागच पडतात अशी कामगारांची तक्रार असे. वडिलांचा सिद्धांत असा, की देशात मजुरीसाठी बाजूला काढलेली रक्कम ठरलेली असते, ताटलीत आलेल्या पुडिंगसारखी. एकाने मोठा तुकडा मागितला की दुसऱ्याचा लहान होणारच. म्हणून गरिबांनी जास्त मागू नये, उशिरा लग्न करावं, आणि मुलं होऊ देऊ नयेत. स्वतः वडिलांना आम्ही सात मुली. रविवारी जेवताना ते हा सिद्धांत प्रत्यक्ष पुडिंगवर सिद्ध करून दाखवत. पहिला तुकडा त्यांचा. त्याला ते भांडवल म्हणत. मग थोरलीपासून खाली. मी पाचवी. माझ्या तुकड्यातून ताटलीवरचं निळं नक्षीकाम दिसायचं. आई शेवटी. ती म्हणायची, "मला बाई गोड आवडतच नाही," आणि रुमाल घडी करून, स्वैपाकघरात काहीतरी बघून येते म्हणून उठायची. बिचारी आई, असं आम्हाला सातही जणींना वाटे, आणि वडिलांनाही. ते व्याख्यानात तिचं नाव न घेता उदाहरण देत, 'स्वेच्छेने केलेला संयम' म्हणून.

एका रविवारी मला सॉस आणायला खाली पाठवलं. स्वैपाकघराचं दार ढकललं तर आई उलट्या बादलीवर बसलेली, स्वैपाकीण मिसेस टब तिच्यासमोर पिठाच्या डब्यावर, आणि दोघींच्या मधे, फडक्यात बांधून उकडलेलं, नुकतंच सोडवलेलं, घाम आल्यासारखं चकाकणारं, मनुकांनी गच्च भरलेलं, अख्खं एक पुडिंग. दोघींच्या हातात मोठे चमचे. मिसेस टब नुसती नावाची मिसेस. तिने जन्मात लग्न केलं नव्हतं, पण स्वैपाकिणीला मिसेस म्हणायचं ही पद्धतच, जणू शेगडीशीच तिचं लग्न लागलेलं. "दार लाव," आई म्हणाली. मी म्हटलं, "आई, हे दुसरं पुडिंग?" "दुसरं कसलं? हेच पहिलं," आई म्हणाली. "वर गेलं ते दुसरं." मग तिने माझ्या तोंडात चमचा कोंबला. गरम चरबी, साखर, जीभ भाजली, डोळ्यांत पाणी आलं. आणि छतातून वडिलांचा आवाज झिरपत होता, की ठरलेलं असतं, सगळं ठरलेलं असतं. मनुका कुठून आल्या, मी विचारलं. आईने सांगितलं: वापरलेली चहापत्ती आधी स्वैपाकघरात पुन्हा उकळायची, मग गालिचे झाडताना पसरायची, आणि शेवटी वाळवून मागच्या दाराला येणाऱ्या बाईला विकायची. भाजलेल्या मांसाची थिजलेली चरबीही तिलाच. वडिलांच्या सिद्धांतात मागचं दार नव्हतं. "वरच्यांना वाटतं, पाठवलं तेवढंच आहे," आई म्हणाली. "वाटू दे. तुझं तोंड पूस."

हेच मी विसाव्या प्रकरणात घातलं, म्हाताऱ्या स्वैपाकिणीसकट. डॉर्कस मेल्थॉर्पला काकांकडून कापडाची गिरणी मिळालेली असते. गावातले शहाणे पुरुष तिच्या दिवाणखान्यात जमून सांगतात, बाई, मजुरी वाढवता येत नाही, रक्कम ठरलेली असते. डॉर्कस ऐकून घेते, घंटी वाजवते आणि नोकराला सांगते, खालचं पुडिंग वर आण. 'मजुरी म्हणजे काही एकाच फडक्यात बांधलेलं पुडिंग नव्हे,' ती म्हणते, आणि पुढे सहा पानं बोलते. हॉबडेबाई, तुम्ही हसाल, पण त्या सहा पानांनी छापखाना बंद पाडला. होय. शिशाचे खिळे उलटे वाचत वाचत जुळवणारे ते लोक. त्यांना कादंबरीत काय चाललंय याच्याशी देणंघेणं नसतं. पण विसावं प्रकरण आलं आणि पहिल्या जुळाऱ्याचा हात थांबला. त्याने शेजाऱ्याला दाखवलं. शेजाऱ्याने पलीकडच्याला. टोप्या घालून सगळे जिन्यावरून वर आले आणि क्रॅडॉकसाहेबांना म्हणाले, "मालक, खालचं पुडिंग वर येऊ द्या." साहेबांना वाटलं, यांना भूक लागली आहे. त्यांनी पाव आणि चीज मागवलं. ते खाऊन लोक पुन्हा तेच म्हणाले.

"आणि मिळालं का हो त्यांना?" हॉबडेबाईंनी विचारलं. "मिळालं म्हणजे काय! त्या गल्लीत अजून वाढीव मजुरीला मनुका म्हणतात." ग्राइसबाईंच्या सुया क्षणभर थांबल्या आणि पुन्हा चालू लागल्या. एक फुली पडली, मला ऐकू आली.

पण साहेबांना खरी धास्ती जुळाऱ्यांची नव्हती, बॅगॉटची होती. तेव्हा तीन खंडांची कादंबरी विकत घेणारं माणूस वेड्याच्या इस्पितळातच सापडलं असतं. सगळं लंडन वर्गणी भरून बॅगॉटच्या लायब्ररीतून एकेक खंड घरी नेई; एका पुस्तकावर एकाच वेळी तीन घरं वाचत, आणि बॅगॉट तिघांकडून वर्गणी घेई. बॅगॉटने कादंबरी उचलली तर ती जगली. नाही उचलली तर तिच्या कागदात मासळी बांधून येई. आणि बॅगॉटची अट एकच. वर्गणी बाप भरतात, मुली वाचतात; म्हणून तिसऱ्या खंडात लग्न लागलं पाहिजे, आणि नायिकेच्या नावावर काही असेल तर ते शेवटच्या पानाआधी नवऱ्याच्या नावावर गेलं पाहिजे. मी साहेबांना सांगत होते ते एवढंच, की डॉर्कस लग्न करणार नाही. ती गिरणी चालवणार. "अहो पण बाई," साहेब म्हणाले होते, "बॅगॉट शिवणार नाही त्याला. मग मी छापणार नाही, आणि तुम्हाला लीड्सला परत जाऊन चुलतभावाच्या पोरांना फ्रेंच शिकवावं लागेल. लग्न तर लागलंच पाहिजे. पुस्तकात लावा, नाहीतर..." आणि ते गालिच्याकडे बघायला लागले होते.

लीड्सची ती पोरं मला दिसली. धाकटा चावायचा. थंडीत हाताला भेगा पडायच्या त्या भेगांत त्या घराच्या साबणाचा वास बसलेला, तो मला स्ट्रँडच्या मागे दुसऱ्या मजल्यावर आला. आणि गुडघा अजून तिथेच होता. तेव्हा खणाची किल्ली, करार, ओला ताव, मोतिया विजार हे सगळं माझ्या डोक्यात एका ओळीत येऊन बसलं, बँकेच्या दारात लोक बसतात तसं. तुम्हाला आठवतच असेल, हॉबडेबाई, तेव्हा कायदा काय होता. बाईने लग्न केलं की तिची कमाई नवऱ्याची, तिचे चमचे नवऱ्याचे, तिने लिहिलेलं आणि लिहायचं राहिलेलंही नवऱ्याचं. म्हणजे ह्या गुडघ्याला मी हो म्हटलं की खणातला करार निकामी. स्वतःच्या बायकोला तिसऱ्या खंडाचे पैसे कोण देतो? आणि तिसरा खंड साहेबांचाच झाला, की डॉर्कसचं लग्न ते स्वतःच लावणार, रविवारी दुपारी, जेवणानंतर, पाय लांब करून. नाही म्हटलं की लीड्स. हे प्रेम नव्हतं. ही काटकसर होती. आणि काटकसर म्हटली की मी माझ्या आईची मुलगी.

"हो," मी म्हटलं.

साहेबांचा चेहरा उजळला, आणि लगेच जरासा पडला, जसा कमी भावात सौदा पटल्यावर आपण आणखी कमी सांगायला हवा होता असं वाटून पडतो तसा. "अगदी आनंदाने," मी म्हटलं. "म्हणजे आता कायद्याने आपण दोघं एक माणूस." "एकच," साहेब म्हणाले. "आणि तो माणूस तुम्ही." "अं... हो, तसं म्हणतात खरं." "म्हणजे माझा हात तो तुमचा हात. मी तुमच्यादेखत दुकानातून चमचे चोरले, तर कायदा म्हणेल साहेबांनीच चोरायला लावले." साहेब हसले. मी हसले नाही. "आणि मी कुणाची बदनामी छापली, तर खटला तुमच्यावरही." "कुणाची बदनामी?" "अहो, तिसऱ्या खंडात डॉर्कसला मागणी घालायला एक लायब्ररीवाला येतो ना. त्याचे दात पाणघोड्याच्या हाडाचे. खरे दात त्याने काटकसर म्हणून विकलेत. मुलींना वाचायला अयोग्य ठरवलेली पुस्तकं तो जप्त करतो आणि पलंगाखाली ठेवतो, रोज वाचून वाचून त्यांची पानं मऊ झालीत. डॉर्कस त्याला नकार देते तेव्हा त्याचे दात सुपात पडतात. नाव मी बॅगॉट ठेवणार नाही. बॅगट ठेवीन."

आता खऱ्या बॅगॉटचे दात पाणघोड्याच्याच हाडाचे होते, हे लंडनमधल्या प्रत्येक प्रकाशकाला ठाऊक होतं. तो हसला की दात आधी हसायचे आणि ओठ मागाहून. साहेब उठायला गेले. पण पाय बधिर झाला होता. ते गुडघ्यांवरच मागे सरकू लागले, दाराकडे, दारातून जिन्याकडे. "पेनफोल्डबाई," ते म्हणत होते. ड्रुसिला संपली होती. "पेनफोल्डबाई, मला वाटतं आपण दोघांनीही जरा घाई केली." आणि तो ओला ताव गुडघ्याला चिकटला तो निघेचना. शेवटी ओढून काढला, तर विजारीवर विसावं प्रकरण उलटं छापलं गेलेलं. साहेब तसेच स्ट्रँडवरून चालत घरी गेले. वाटेत दोन गाडीवानांनी त्यांना थांबवून, एकाने डोकं खाली करून, गुडघा वाचला आणि दोघांनी भाडं वाढवलं. घरी त्यांच्या आईने हातात आरसा धरून पूर्ण ताव वाचला आणि स्वैपाकिणीचा पगार वाढवला. आई साहेबांची, हॉबडेबाई. माझी तर डर्बीला होती, आणि तिला हे पत्राने कळलं तेव्हा तिने उत्तरात एवढंच लिहिलं, की मनुका महाग झाल्या आहेत.

हॉबडेबाई डोळे पुसत होत्या. "आणि मग? तिसरा खंड?" मी कप उचलला. चहा बशीत सांडलेला होता, कधी सांडला कुणास ठाऊक.  "तिसरा खंड मी लिहिला, माझ्या मनासारखा," मी म्हटलं. इथे मी नेहमी थोडं भरभर बोलते. डॉर्कस गिरणीच्या फाटकाशी उभी आहे, भोंगा वाजतोय, बायका आत जातायत, आणि तिच्या हातात किल्ल्या आहेत. हे मी इतक्यांदा सांगितलंय की मला ते फाटक दिसतं, त्याची गंजलेली कडी हाताला लागते. फक्त डॉर्कस कधी वळून बघत नाही. मी हाक मारते तरी नाही. पाठ तेवढी दिसते, आणि टोपीच्या फितीचं टोक वाऱ्याने हलतं. "लग्न नाही. एकही नाही. शेवटच्या पानावर तिच्या हातात गिरणीच्या किल्ल्या. बॅगॉट फेस येईपर्यंत ओरडला, पण लोकांनी त्याचा दरवाजा मोडायचा बाकी ठेवला, तेव्हा मुकाट्याने घेतली त्याने. आणि ज्या बाईने तिसरा खंड घरी नेला तिने तो परत म्हणून केला नाही. म्हणून तर आज तो कुठे बघायलाही मिळत नाही."

"खोटं," ग्राइसबाई म्हणाल्या.

त्यांनी विणकाम मांडीवर ठेवलं होतं. इतक्या वर्षांत त्यांना मी विणकाम खाली ठेवताना पाहिलेलं नव्हतं. "अहो, तुम्ही तर वाचलीच नाही म्हणालात!" मी म्हटलं. "पहिला खंड वाचलेला नाही म्हणाले. पहिला खंड मी कुठल्याच कादंबरीचा वाचत नाही. बॅगॉटकडे पहिल्याला ही झुंबड. तिसरे मात्र फळीवर धूळ खात पडलेले, मागाल तेव्हा मिळायचे. मी जन्मभर तिसरेच खंड वाचले. आधी उत्तर बघते, मग गणित सोडवावंसं वाटलं तर बघते. तुमचा तिसरा खंड मी वाचलाय, आणि पहिले दोन का वाचले नाहीत तेही सांगते. चार लग्नं आहेत त्यात, पेनफोल्डबाई. डॉर्कसचं त्या लायब्ररीवाल्याशी, आणि त्याचे दात मोत्यासारखे आहेत. गिरणी त्याच्या नावावर. मग तिच्या दोन्ही मैत्रिणींची, एकाच दिवशी, एकाच चर्चात. आणि मला वाटलं, आता तरी संपलं, तर शेवटच्या पानावर," ग्राइसबाईंचा आवाज एकदम चढला, "ती म्हातारी स्वैपाकीण! तिचंसुद्धा लावलंत हो तुम्ही!"